रिसेप्शनला फोटो बूथ घ्यायचा का? घे, पण तासांचा हिशोब आधी कर

सांगलीहून एका मैत्रिणीचं पत्र आलंय, थोडक्यात देते.

"ताई, मी विश्रामबागला राहते. मे महिन्यात लग्न आहे, दुपारी लग्न आणि त्याच दिवशी संध्याकाळी मिरज रोडला लॉनवर रिसेप्शन, माणसं सहाशेच्या आसपास होतील. मला फोटो बूथ ठेवायचाय. तीन जणांनी रेट दिलेत. जागेवर प्रिंट देणारा तीन तासांचे १८ हजार म्हणतो, ३६० व्हिडिओवाला १४ हजार आणि आमचे डेकोरेटरवाले म्हणतात ६ हजारात सेल्फी पॉइंट करून देतो. आई म्हणते फोटोग्राफरला एवढे दिलेत मग हे अजून कशाला, त्यापेक्षा आत्या-मामींच्या साड्या जरा बऱ्या घेऊ. पप्पा म्हणतात ही सगळी नवीन फॅडं. घेऊ का नको? आणि घ्यायचा तर बघायचं काय?"

अगं, आधी उत्तरच देऊन टाकते म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. बूथ घे. प्रिंट देणाराच घे, ३६० सोडून दे. पण अट एकच, ते पैसे साड्यांतनं काढायचे नाहीत. आईचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं, मानपानात कमी पडलं तर ते पुढं कितीतरी वर्षं निघत राहतं, आणि आत्याचा मान बूथपेक्षा मोठाच आहे. पैसे काढायचेच तर तुमच्या एंट्रीच्या पॅकेजमधनं काढ, तो जमिनीवरचा धूर, कोल्ड पायरोच्या ठिणग्यांची कारंजी, काय काय असतं त्यात, दोन मिनिटांत संपतं आणि बघणाऱ्यांपैकी निम्मे मोबाईल वर धरून उभे असतात. डेकोरेटरवाल्यांशी बसून ते कमी कर आणि मग आईशी बोल, आई ऐकेल.

आता फोटोग्राफर असताना बूथ कशाला, तर स्टेजवर काय चालतं ते आठवून बघ. रांग लागलेली असते, माणसं आहेराचं पाकीट हातात धरून वर येतात, तुमच्या शेजारी उभी राहतात, क्लिक झालं की लगेच दुसऱ्या बाजूनं खाली, मागं पुढचे थांबलेलेच. अल्बम आला की पानामागून पान तुम्ही दोघं तशीच आणि आजूबाजूची माणसं तेवढी बदलत जातात. तेही फोटो पाहिजेतच, मी नको म्हणत नाही, पण त्या आलेल्या माणसांना ते कधी बघायलाही मिळत नाहीत. तुमची एखादी तासगावची मावशी मुलं, सुना, नातवंडं सगळ्यांना घेऊन येणार, सगळे नवे कपडे घालून, सगळे एकाच ठिकाणी, असा योग त्यांच्या घरात तरी परत कधी येतो? त्यांचा त्यांचा म्हणून एक चांगला फोटो निघाला पाहिजे आणि तो घरी जाताना त्यांच्या हातात पाहिजे. बूथ यासाठी घ्यायचा. तुमच्या रीलसाठी नाही.

कराडला एका रिसेप्शनला मी हे जवळून बघितलंय. एक आज्जी बराच वेळ लांबून बघत होत्या, शेवटी बूथवरच्या पोराला हळूच विचारलं, "पैसं किती?" पैसे नाहीत म्हटल्यावर डोक्यावरचा पदर सारखा केला आणि थोरल्या सुनेला हाक मारली, "या गं समद्या हिकडं." मग कोण जेवायच्या रांगेतनं, कोण स्टेजच्या मागनं, अशी सगळी गोळा झाली, आज्जींना मध्ये खुर्ची दिली, धाकटं नातवंड मांडीवर. प्रिंट बाहेर आली ती जरा कोमट लागते हाताला, आज्जींनी ती दोन्ही हातात धरली, मग बटव्यात मावेना म्हणून नातीच्या पर्समध्ये ठेवायला दिली आणि थोड्या थोड्या वेळानं परत मागून घेऊन बघत होत्या. हे आईला सांग, रेट सांगायच्या आधी.

आणि पप्पांना सांग हे फॅड शंभर वर्षांचं आहे. १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर अनातोल जोसेफो नावाच्या माणसानं पैसे टाकून आपला आपण फोटो काढायचं दुकान उघडलं, २५ सेंटमध्ये आठ फोटोंची पट्टी मिळायची आणि लोक रांगा लावून उभे राहायचे. आपल्याकडंही जत्रेत पडदा लावून बसलेला फोटोवाला पप्पांनी लहानपणी बघितलेला असणार, विचार त्यांना, एखादा फोटो घरात ट्रंकेत निघेलसुद्धा.

३६० का नको म्हणते ते सांगते. तो गोल प्लॅटफॉर्म असतो, त्यावर दोघं-तिघं फार तर चौघं उभे राहणार आणि कॅमेऱ्याचा दांडा भोवती फिरणार, वर स्लो मोशनचा छोटासा व्हिडिओ. कॉलेजच्या पोरापोरींना मजा येते, खरंय. पण साडी सावरत त्यावर चढायचं, गुडघे दुखणाऱ्या काकू-मावश्या चढतच नाहीत, अख्खं घर मावत नाही, आणि लहान पोरं त्या फिरत्या दांड्याखाली घुसतात, त्यासाठी वेगळा माणूस लागतो. शिवाय व्हिडिओ मोबाईलवर पाठवायचा म्हणजे क्यूआर स्कॅन करा, नंबर द्या, लॉनवर एकदम सहाशे मोबाईल आले की नेट रडतंच, "नंतर पाठवतो" म्हणतात आणि ते नंतर कधी येत नाही. मैत्रिणींसाठी संगीताच्या रात्री ठेव हवं तर.

सेल्फी पॉइंट म्हणजे नुसता पडदा, फुलं आणि नावाची निऑन पाटी. वाईट नाही, पण फोटो ज्याच्या त्याच्या मोबाईलवर आणि लाईट बहुतेक वेळा मागं असतो, समोर नसतोच, चेहरे काळे येतात. पैशाची खरंच ओढाताण असेल तर तोच घे, समोरून दोन चांगले लाईट लावून माग आणि एखाद्या भावाकडं इन्स्टॅक्स मिनी कॅमेरा दे, क्लिक केलं की फोटो लगेच बाहेर येतो तो. पण फिल्मचं पाकीट दहाच फोटोंचं असतं आणि फोटो एटीएम कार्डाएवढा, त्यात चार माणसं बसतात, अख्खं घर नाही. सहाशे लोकांत ते पुरं पडत नाही, जवळच्या घरांपुरतं ठीक.

आता तो १८ हजारवाला. तो "अनलिमिटेड प्रिंट" म्हणणार, सगळे म्हणतात, आणि ते खोटंही नसतं, पण अडचण प्रिंटची नाही, वेळेची आहे. चार पोझ घेणारा टेम्प्लेट, म्हणजे एका कागदावर चार फोटोंची मांडणी, असेल तर माणसं गोळा होणं, उभं राहणं, तीन-दोन-एक चार वेळा, मग प्रिंट, एका ग्रुपला दोन मिनिटं धरूनच चाल. तीन तास म्हणजे १८० मिनिटं, म्हणजे नव्वद ग्रुप, तेही एक मिनिट वाया गेलं नाही तर. एकाच पोझचा टेम्प्लेट ठेवलास तर मिनिट-सव्वा मिनिटात काम होतं आणि त्याच वेळात सव्वाशेच्या पुढं ग्रुप होऊ शकतात. ग्रुपला चार माणसं धरली तर पाचशे माणसांपर्यंत पोचतेस. म्हणून एकच पोझ, सहा बाय चार साईज. त्या लांबट दोन इंची पट्ट्या दिसायला गोड असतात पण दोन मैत्रिणींसाठी आहेत त्या, आपल्याकडचं घर त्यात बसत नाही.

आणि वेळ कुठली घ्यायची हे सगळ्यात महत्त्वाचं, यावरच बहुतेकांचे पैसे पाण्यात जातात. पत्रिकेवर सात लिहिलेलं असतं. दुपारी लग्न, मग जेवणं, थोडं आडवं होणं, मग मेकअपवाली बसणार, त्यामुळं तुम्ही दोघं स्टेजवर साडेसात-आठच्या आत येत नाही हे मी आत्ताच लिहून देते. तेवढा वेळ आलेली माणसं खुर्च्यांवर नुसती बसलेली असतात, पोरं पळत असतात, कपडे अजून चुरगळलेले नसतात, कुणाला घाई नसते. बूथची खरी वेळ ती आहे! पण बूथवाला सातला सामान घेऊन येतो, जोडायला तासभर घालवतो, आणि आठला चालू करतो तेव्हा सगळे स्टेजच्या रांगेत. त्यातनं कवठे महांकाळ, जतकडची माणसं जीप करून आलेली असतात, ती जेवून नऊला निघतात. त्यामुळं त्याला सांग, साडेसहाला पहिली प्रिंट निघाली पाहिजे आणि तास तिथनं मोजायचे, जोडायचा वेळ त्याचा. साडेसहा ते साडेनऊ बरोबर बसतं, दहानंतर साऊंड बंद करावाच लागतो, तोवर गर्दी ओसरलेलीच असते.

जागा गेटजवळ नको, आत येणारी माणसं तुंबतात. डीजेजवळ नको, बूथवाल्याचं कुणाला ऐकू जात नाही. स्टेजवरनं खाली उतरल्यावर जेवणाकडं जायच्या वाटेवर, जरा कडेला, अशी दहा बाय दहा फूट जागा बघ, रांगेला थोडी वेगळी. पण जेवणाच्या टेबलांना अगदी चिकटून नको, वास आणि धूर, आणि फोटोत मागं कुणाचं तरी ताट येतं. दोन खुर्च्या ठेवायला सांग, एक आत म्हाताऱ्या माणसांसाठी, एक बाहेर.

प्रिंटर कुठला आहे ते विचार. डाय-सब आहे का एवढंच विचारायचं, ज्याचं काम चांगलं आहे तो लगेच मॉडेल सांगतो. डीएनपी, हायटी, सिटिझन अशा कंपन्यांचे असतात. यात शाई ओली नसते, रिबनवरचा रंग उष्णतेनं कागदावर उतरतो, पिवळा, मग गुलाबी, मग निळा आणि शेवटी वरून पारदर्शक थर, त्यामुळं फोटो बाहेर आला तो कोरडाच, पंधरा-वीस सेकंदात हातात, आईस्क्रीमचा हात लागला तरी पुसून घ्यायचा. घरातल्यासारखा इंकजेट घेऊन येणारेही आहेत, त्याला वेळ लागतो आणि ओला हात लागला की रंग पसरायची भीती. डीएनपीच्या आरएक्स वनसारख्या प्रिंटरला एका रोलमध्ये सहा बाय चारच्या ७०० प्रिंट निघतात, म्हणजे तुमच्या सगळ्या कार्यक्रमाला एक नवा रोल पुरतो, पण बूथवाला आदल्या लग्नातला उरलेला रोल घेऊन येतो आणि साडेआठला "रोल संपला" म्हणतो, म्हणून नवा रोल आणि एक जादा, असं आधीच बोलून घे.

लाईटीचं मात्र नीट बघ. लॉनवर मेन्सवरनं जनरेटरवर जाताना मध्ये काही सेकंद जातात, त्यात कॉम्प्युटर आणि प्रिंटर दोन्ही बंद पडतात. साताऱ्यात एका लग्नात बूथवाल्यानं यूपीएस आणला नव्हता, नेमकी प्रिंट निघत असताना लाईट गेली, आणि नंतर जो कागद निघाला त्यावर फक्त पिवळा रंग उतरला होता, अख्खं घर हळद लागल्यासारखं पिवळं. ती माणसं परत उभी राहिली नाहीत, जेवायला निघून गेली, आणि यंत्र परत चालू व्हायला वेळ लागला तो वेगळाच. त्यामुळं यूपीएस त्याचा, आणि लाईन वेगळी, स्टेजच्या लाईट आणि डीजेच्या बोर्डावर नको. लॉनच्या मॅनेजरला आधीच विचार बाहेरचा बूथवाला आणला तर काही चार्ज आहे का, काही ठिकाणी लावतात.

मे महिना आणि सांगली म्हणजे वळीव धरूनच चालायचं. दुपारभर तापलेलं असतं आणि संध्याकाळी वारं सुटतं, बूथमध्ये मागं लावलेल्या पडद्याचा स्टँड उडतो, खाली वाळूची पोती नाहीतर वजनं पाहिजेत. पाऊस आला तर सामान कुठं हलवायचं, आतल्या हॉलचा कोपरा आहे का, ते दोन दिवस आधी बघून ठेव. पाऊस पडून गेल्यावर लाईटला किडे येतात ते तर विचारू नको, पांढऱ्या पडद्यावर सगळे दिसतात, त्यामुळं पडदा गडद घे. हिरवा, जांभळा, काहीही, पण चकचकीत सिक्विनचा नको, फ्लॅश परत मारतो.

बूथवर माणूस कोण असणार हे विचारायला विसरू नकोस. दोघं पाहिजेत, एक मशीनवर आणि एक लोकांना बोलवायला, दुसरी मुलगी असेल तर फार बरं, बायकांचा पदर-निऱ्या सारख्या करायला, आज्जींना हात धरून बसवायला. आपली माणसं आपणहून पुढं येत नाहीत, त्यांना वाटतं पैसे पडतील नाहीतर हे पाव्हण्यांसाठी आहे. म्हणून मोठ्या अक्षरात पाटी लाव, "फोटो काढा, लगेच घेऊन जा, पैसे नाहीत", आणि निवेदकाला दर वीस मिनिटांनी सांगायला लाव. एखाद्या चुलतभावाला याची जबाबदारी दे, करवलीला देऊ नको, ती तुझ्या मागंच असणार.

प्रॉप्स म्हणून ते प्लॅस्टिकचे चष्मे आणि इंग्रजी पाट्या आणतात, त्या त्याला आणूच नको म्हणून सांग. आपल्या पाट्या कर, कार्डबोर्डवर, खर्च काही नाही, "मुलीकडचे", "मुलाकडचे", "आम्ही तासगावकर", "भडंग घेऊनच जाणार", असल्या. लोक खूप हसतात आणि फोटोत ते हसू येतं. फेटे ठेवावेसे वाटतील पण मेच्या उकाड्यात एकच फेटा पन्नास डोक्यांवर, नको.

फोटोवर नाव-तारखेची पट्टी बारीक ठेव, खालच्या कडेला, जागा चेहऱ्यांना सोड. आणि ती मराठीत करणार असशील, करच, तर डिझाइन नीट तपास. सॉफ्टवेअरमध्ये मराठीची सेटिंग नसली की जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते, "स्वागत"चा स आणि व वेगळे होतात. व्हॉट्सॲपवर डिझाइन मागव, मोठं करून बघ, आडनाव दोनदा वाच, शिवाय एक खरी प्रिंट काढून दाखव म्हण.

प्रत्येक फोटोच्या दोन प्रती मागून घे. एक पाहुण्यांना, एक तुमच्या वहीत. जाड काळ्या पानांची मोठी वही आणि चांदीच्या रंगाचे पेन बूथशेजारी ठेवायचे, फोटो चिकटवायचा आणि शेजारी दोन ओळी लिहून घ्यायच्या. तुझा आजोळचा कुणी म्हातारा माणूस थरथरत्या अक्षरात आशीर्वाद लिहून जाईल, ते पान तुझ्याकडं राहील. दुसऱ्या प्रतीचे जादा पैसे मागेल, घासाघीस कर, आणि हे मात्र सोडू नकोस.

बाकी बोलणं झालं की सगळं व्हॉट्सॲपवर एका मेसेजमध्ये लिहून त्याच्याकडनं "ओके" घे. तारीख, लॉनचं नाव, पहिल्या प्रिंटची वेळ, किती तास, पुढच्या तासाचा रेट, साईज, दोन प्रती, नवा रोल, यूपीएस, माणसं दोन, सॉफ्ट कॉपी किती दिवसात. पक्कं बिल घ्यायचं असेल तर १८ टक्के जीएसटी रेटमध्ये धरलाय का वरनं आहे ते विचार, १८ हजारांवर ते सव्वातीन हजारांच्या घरात जातं. तो पुण्याहून येणार असेल तर गाडीभाडं कुणाचं ते आत्ताच, सांगली-मिरज-कोल्हापुरातला मिळाला तर तोच बरा, मशीन बिघडलं तर दुसरं मागवता येतं. विसार निम्म्याच्या वर देऊ नको. आणि एक वाक्य नक्की टाक, की पाहुण्यांचे फोटो त्याच्या इन्स्टावर टाकायचे नाहीत. तुझ्या बहिणींचे, पाव्हण्यांच्या मुलींचे फोटो कुणाच्या तरी जाहिरातीत फिरावेत हे तुला चालणार नाही, त्यांच्या घरच्यांना तर नाहीच.

राहिली तुम्ही दोघं. स्टेजवर जायच्या आधी, मेकअप ताजा असताना, आई-पप्पा आणि सासू-सासऱ्यांना घेऊन बूथवर पाच मिनिटं थांबा. एकदा स्टेजवर बसलात की खाली यायला मिळत नाही, आणि आईचा त्या दिवशी निवांत फोटो कुणीच काढत नाही, ती कायम धावपळीत असते. तिला हाताला धरून खुर्चीवर बसव आणि तू मागं उभी राहा.

डिझाइन आलं की मला पाठव, जोडाक्षरं आणि वेलांट्या मी बघून देते. आईला नमस्कार सांग.